आधीच मागितलेली माफी

बाबांनी फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलेली पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. बाबा म्हणजे माझे सासरे. सकाळच्या चहाच्या वेळी त्यांचा फोन टेबलावर पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर, बरोबर कॅमेऱ्याच्या जागी, जखमेला लावतात ती पट्टी. उचलून पाहिलं तर पुढच्या बाजूलाही एक बारीक तुकडा कापून लावलेला.

"फोनला लागलं का बाबा?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "धूळ जाते आत," म्हणाले आणि फोन माझ्या हातून घाईघाईने काढून घेतला. मला दोन डबे भरायचे होते, मुलीची वेणी घालायची होती. मी तो विषय तिथेच सोडला.

आम्ही बडोद्यात, सुभानपुऱ्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. नवरा एका रसायनांच्या कंपनीत आहे. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जाते ती संध्याकाळी आणून सोडते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसते. मुलगी नववीत. आणि बाबा. ते वीजखात्यातून निवृत्त झाले. मीटर तपासायचं काम होतं त्यांचं. लोक मीटरमध्ये काय काय करामती करतात हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि एकदा का ते सांगायला लागले की मुलगी पोट धरून हसायची. त्यांच्या घराण्यातले पुरुष पूर्वी बडोद्याच्या फौजेत होते. त्यातलं आता घरात काही उरलेलं नाही, एक बाबांची चाल सोडली तर. सत्तरी ओलांडल्यावरही ते ताठ चालायचे आणि आपल्याला कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही, हे वर्षातून दोन-तीनदा तरी बोलून दाखवायचे. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती.

चिकटपट्टी दिसली तो गुरुवार. त्याच दिवशी संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अगं, फोनमधले सगळे नंबर दुसऱ्या कुणाला काढून घेता येतात का?"

"येतात की."

"आणि सगळ्यांना एकदम काही पाठवायचं असेल तर?"

"एक बटण दाबायचं, बाबा. सोसायटीवाले सगळ्यांना पाण्याची सूचना पाठवत नाहीत का?"

मग "बरं" म्हणून गेले. माझी पाठ त्यांच्याकडे होती, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. पुढे कितीतरी दिवस मला ते एक बटण छळत राहिलं. दोन वाक्यांत मी त्यांना जे भय होतं ते खरं आहे म्हणून शिक्का मारून दिला होता.

शुक्रवारी त्यांनी नातीला गणित शिकवायला नकार दिला. रोज संध्याकाळी दोघं त्यांच्या खोलीत बसायची. त्या दिवशी दार लोटलेलं होतं. मुलगी वही घेऊन परत आली आणि म्हणाली, "आजोबा म्हणतात इथे बसू नकोस, बाहेर बस. मी काही केलं का?" मी म्हटलं, बरं नसेल त्यांना. शनिवारी ते जेवले नाहीत नीट. मी बीपी तपासायला नेऊ का विचारलं तर म्हणाले, "मला काही झालेलं नाही. उगाच माझ्या मागे लागू नकोस." असं ते माझ्याशी कधी बोलत नसत.

रविवारी सकाळी आम्ही उठलो तेव्हा ते घरात नव्हते. फिरायला गेले असतील असं वाटलं. दहाच्या सुमाराला आत्यांचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तरसालीला राहतात. फोन नवऱ्याला न करता त्यांनी मला केला होता आणि आवाज अगदी खाली काढून बोलत होत्या.

"दादाला काय झालंय गं?"

"का? तिथे आलेत का?"

"आला होता, दोन तास झाले जाऊन. आत बसलासुद्धा नाही. आमचे हे सोफ्यावर पेपर वाचत होते, त्यांच्यासमोर हात जोडले आणि म्हणाला, आज-उद्या माझ्याबद्दल तुम्हाला काही येईल फोनवर. उघडू नका. बघू नका. मुलांना दाखवू नका. आणि मला माफ करा. मी विचारतेय काय येईल, काय येईल, तर नुसती मान हलवतो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी माझ्या जन्मात त्याला रडताना पाहिलेलं नाही, वहिनी गेली तेव्हासुद्धा नाही."

"आता कुठे गेलेत?"

"छाणीला जातो म्हणाला."

छाणीला सासूबाईंचे भाऊ राहतात. मला क्षणात सगळं समजलं असं मी आता म्हणू शकत नाही. मला वाटलं, त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. लॅबमध्ये असे म्हातारे रोज बघते. एक दिवस अचानक घरच्यांना ओळखेनासे होतात. त्यांचा फोन लावला तर बंद. नवरा तरसालीच्या रस्त्याला गेला, न जाणो तिकडेच कुठे उतरून बसले असतील म्हणून. मी स्कूटर काढली आणि छाणीला निघाले.

मामांच्या गल्लीच्या तोंडाशी एक वेल्डिंगचं दुकान आहे. रविवार म्हणून बंद होतं. त्याच्या ओटल्यावर बाबा बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पायात बाहेर जायचे बूट. मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. मामांचं घर तिथून शंभर पावलांवर होतं आणि ते आत गेले नव्हते.

मी शेजारी जाऊन बसले. स्कूटरचा आवाज त्यांनी ओळखला असणार, पण वळून पाहिलं नाही.

"तिच्या भावाला सांगायला जमलं नाही," ते म्हणाले. "तासभर झाला. दोनदा उठलो."

"काय सांगायचं होतं, बाबा?"

मग त्यांनी खिशातून फोन काढला, चालू केला, मेल उघडला आणि माझ्या हातात दिला. "वाच. मोठ्याने वाचू नकोस." आणि तोंड फिरवून बसले.

मी पहिली ओळ वाचली. तो मेल मी आधी वाचलेला होता.

इंग्रजीत होता. मी तुझ्या फोनमध्ये शिरलो आहे. कित्येक महिने तुझ्यावर नजर ठेवून आहे. तू नको ते व्हिडिओ बघत असताना तुझ्याच कॅमेऱ्यातून मी तुझं चित्रण केलं आहे. तुझ्या फोनमधले सगळे नंबर माझ्यापाशी आहेत. अमुक इतके पैसे बिटकॉइनमध्ये पाठव, नाहीतर चार दिवसांनी ते सगळ्यांना जाईल. पोलिसांकडे जाऊ नकोस, कुणाला सांगू नकोस, मला लगेच कळेल. आणि खात्री पटावी म्हणून: हा बघ तुझा पासवर्ड. मेल पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचाच पत्ता होता, म्हणजे जणू त्यांच्याच घरात बसून कुणी त्यांना लिहिलं होतं.

मला दोन महिन्यांपूर्वी हाच आला होता. शब्दसुद्धा तेच. त्यात माझा एक जुना पासवर्ड होता. मी तसलं काही कधी बघितलेलं नव्हतं, तरी वाचताना घाबरले होते. फोन घेऊन आंघोळीला जाण्याची सवय आहे मला, गाणी लावायला. तेच पहिल्यांदा मनात आलं. अर्धा दिवस मी रिपोर्ट चुकीच्या पाकिटात घालत होते. शेवटी लॅबमध्ये कॉम्प्युटर बघायला येतात त्यांना भीत भीत दाखवलं. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "बेन, आ तो बधाने आवे छे." अहो, हा तर सगळ्यांनाच येतो. मग त्यांनी समजावून सांगितलं. मी तो मेल पुसून टाकला आणि घरी एक अक्षर बोलले नाही. सांगितलं तर 'तुलाच कसा आला' असं कुणी विचारेल, एवढंच मनात होतं.

"बाबा, हे खोटं आहे," मी म्हटलं.

"खोटं कसं? पासवर्ड बघितलास?"

मी पुन्हा पाहिलं. एक बाईचं नाव आणि पुढे एक साल. नाव माझ्या ओळखीचं नव्हतं.

"ते तुझ्या सासूचं माहेरचं नाव," ते म्हणाले. "लग्नात बदललं. या घरात ते मला एकट्याला माहीत आहे. जगात आता तिच्या या भावाला आणि मला. मग या माणसाला कुठून कळलं? आत शिरल्याशिवाय कळेल?"

मी विचारलं, हा पासवर्ड कुठे कुठे घातला होता. त्यांनी आठवून सांगितलं: गुडघ्याचा पट्टा मागवला होता एका ऑनलाइन दुकानातून, सासूबाई होत्या तेव्हा. तिथे पहिल्यांदा खातं उघडलं होतं. मला जसं समजावलं गेलं तसंच मी त्यांना समजावलं. अशा दुकानांच्या याद्या चोरीला जातात. लाखो लोकांचे पत्ते आणि पासवर्ड एकत्र विकले जातात. विकत घेणारा एकच पत्र लिहितो आणि यंत्र प्रत्येकाच्या पत्रात त्याचा त्याचा पासवर्ड भरतं. कुणाच्या फोनमध्ये जायची त्याला गरजच नसते. पाठवणाऱ्याच्या जागी आपलाच पत्ता दिसतो तोही तसाच. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो.

"आणि बघा, यात तुमचं नाव आहे कुठे? एक तरी फोटो जोडलाय? खरंच काही असतं तर दाखवलं नसतं का?"

त्यांच्या चेहऱ्यावरून विश्वास बसल्यासारखा दिसेना. मी त्यांच्या मेलमधला स्पॅमचा कप्पा उघडला. तिथे आणखी दोन निघाले. एकात पैशाचा आकडा वेगळा होता. दुसऱ्यात लिहिलं होतं, मी तुझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून चित्रण केलं आहे.

"बाबा, आपल्या घरात लॅपटॉप कधी होता?"

त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर-खाली करून तिन्ही मेल ओळीने वाचले. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे काही रीडर असे होते," ते सावकाश म्हणाले, "घरोघर जायचेच नाहीत. चहाच्या टपरीवर बसून अंदाजाने आकडे भरायचे. मीटर न बघता रीडिंग."

"तसंच आहे हे."

"मी असल्यांना एका नजरेत पकडायचो."

मग त्यांनी विचारलं, "तुला एवढं कसं माहीत?"

"मलाही आला होता. दोन महिने झाले."

"तुला?" ते म्हणाले. आणि मग: "मग सांगितलं का नाहीस गं?"

रागाने विचारलं असतं तर मी काही उत्तर दिलं असतं. त्यांनी अगदी साधं विचारलं. समोरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली, तिने आमच्याकडे वळून पाहिलं, मीही तिच्याकडे पाहत राहिले.

आम्ही उठलो. स्कूटरपाशी गेल्यावर ते थांबले. "एक सांगू? फोटो नसेल त्याच्याकडे. पण मी बघितलं होतं. ही गेल्यावर. दोन-तीनदा. म्हणूनच मला खरं वाटलं."

मी हेल्मेट हातात धरून उभी होते. सुनेने ऐकावी अशी ही गोष्ट नव्हती, आणि सासऱ्याने सांगावी अशी तर नव्हतीच. मी म्हटलं, "ते तुमचं तुमच्यापाशी, बाबा. मला काही विचारायचं नाही." तेव्हा मला हे फार समजूतदारपणाचं वाटलं. आता तसं वाटत नाही. चार दिवस तो माणूस कुणाशी तरी बोलायला धडपडत होता, आणि बोलला तेव्हा मी घाईघाईने दार लावून घेतलं.

मी तिथूनच नवऱ्याला फोन करून बाबा सापडल्याचं सांगितलं. घरी गेल्यावर सगळं सांगितलं. म्हणजे मेलचं. शेवटचं नाही. तो आधी हुश्श करून खुर्चीत बसला आणि लगेच चिडला.

"पण तरसालीला जाऊन सांगायची काय गरज होती, बाबा? काकांसमोर? आधी मला तरी विचारायचं!"

"तुला काय विचारणार होतो?" बाबा म्हणाले.

"अहो, हे मेल येतात! मलाही आला होता गेल्या वर्षी. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांना आला होता. पुसायचा आणि सोडून द्यायचा."

तो बोलून गेला आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. सतरा वर्षं झाली होती लग्नाला. एकाच घरातल्या तीन माणसांना एकच पत्र आलं होतं आणि तिघांनीही ते आपापल्या खिशात ठेवलं होतं. त्याने का लपवलं हे मी त्याला विचारलं नाही. मी का लपवलं हे त्यानेही नाही. त्या संध्याकाळी मेलमधली मुदत संपली. कुणालाही काही आलं नाही. बाबा मात्र आठ वाजेपर्यंत फोनशेजारी बसून होते.

सोमवारी मी सुट्टी घेतली आणि त्यांना सायबर पोलिसांच्या कार्यालयात घेऊन गेले. बाबांना जायचं नव्हतं, पण मला वाटलं सरकारी तोंडून ऐकलं की त्यांच्या मनाला पटेल. टेबलाशी एक तरुण पोलीस बाई होती. तिने मेल वाचायला अर्धं मिनिट घेतलं.

"काका, जवाब तो नथी आप्यो ने?" उत्तर तर दिलं नाही ना?

"नाही."

"पैसा नथी मोकल्या ने?" पैसे तर पाठवले नाहीत ना?

"नाही."

"बस, तो कंई नथी थवानुं." मग काहीही होणार नाही. तिने सांगितलं, मेल पुसू नका, तक्रारीला लागेल. जिथे जिथे तो पासवर्ड आहे तिथे बदला. आणि असा पुन्हा आला तर उत्तर देऊ नका, त्यातल्या कुठल्याही दुव्यावर बोट ठेवू नका. बोलायला चांगली होती. रोज अशी माणसं येतात म्हणाली, कुणी मोठे अधिकारी, कुणी देवळातले पुजारी.

आम्ही उठणार तेवढ्यात बाबांनी तिला गुजरातीत विचारलं, "बेन, एखादा कागद मिळेल का? हे खोटं आहे असं लिहून? मला माझ्या बहिणीला दाखवायचा आहे."

ती गोंधळली. तक्रारीची पावती मिळेल म्हणाली, असा कागद आम्ही देत नाही. बाबांनी मान हलवली आणि पावतीची घडी करून खिशात ठेवली. बाहेर आल्यावर जिन्यात त्यांनी कठडा धरला. त्यांना जिन्याचा कठडा धरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कागद मिळाला नाही म्हणून पुढच्या रविवारी मीच तरसालीला गेले. आत्यांचे यजमान आत झोपले होते, किंवा झोपल्यासारखे होते. मी आत्यांना मेल वाचून दाखवला, पासवर्डचं समजावलं, मला आणि नवऱ्याला आल्याचंही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "मेलचं समजलं मला. फसवणूक आहे, बरोबर. पण एक सांग. दादा इथे उभा होता तेव्हा 'ते खोटं आहे' असं एकदाही म्हणाला नाही. 'बघू नका' म्हणाला. 'माफ करा' म्हणाला."

मी खाली पाहिलं.

"मी दोन पोरगे वाढवलेत," आत्या म्हणाल्या. "मला काही वाटत नाही. पण आमचे हे... त्यांनी ते ऐकलं. आता त्यांच्या डोक्यातून जाणार नाही. परवा कुणाशी तरी फोनवर हसत होते. मी दादाचं नाव ऐकलं."

मेल पाठवणाऱ्याने कुणालाही काही पाठवलं नव्हतं, त्याच्याकडे पाठवण्यासारखं काही नव्हतंच. बाबांबद्दल जे काही तरसालीत पोचलं, ते बाबाच स्वतः बूट घालून, दोन बस बदलून पोचवून आले होते. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे मी पुन्हा गप्पच बसले.

मुलीला मात्र सांगितलं. ती आता स्वतःचा फोन मागते. मी तिला तिन्ही मेल वाचायला दिले, कुठे काय खोटं आहे ते शोधायला लावलं. लॅपटॉपची गोष्ट तिने लगेच पकडली. मग तिने विचारलं, "म्हणून आजोबा मला बाहेर बस म्हणाले?" मी हो म्हटलं. ती उठून वही घेऊन त्यांच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून वर्गमूळ कसं काढायचं ते ऐकू यायला लागलं.

भाऊबीजेला आत्या येतील की नाही याची मला धास्ती होती. आल्या, रिक्षाने, एकट्याच. यजमानांचे गुडघे दुखताहेत म्हणाल्या. पाटावर बसताना बाबांनी नवा शर्ट घातला होता. आत्यांनी ओवाळलं, कुंकू लावलं. बाबांनी ताटात ओवाळणी घातली, आणि त्या ताट उचलणार तेवढ्यात म्हणाले, "तू मला काही विचारलं नाहीस."

"काय विचारायचं? तोंड उघड," आत्या म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडात करंजी कोंबली.

खाताना त्यांना खोकला आला, मी पाणी आणलं. तेवढंच बोलणं झालं. आत्या अजून येतात, बाबाही तरसालीला जातात. फक्त निघण्याआधी ते आता बहिणीला फोन करतात, आणि तिचे यजमान घरी आहेत का ते विचारून घेतात.